मोटार परत येऊ नये म्हणून: भिलवडीतल्या रिवाईंडिंगच्या दुकानाच्या प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२४, दिवाळी पाडवा

काल वहीपूजन झालं, आज नव्या वहीवर पहिलं पान. दरवर्षी पहिल्या पानावर 'श्री' लिहून खाली सरळ कामाच्या नोंदी सुरू करतो. या वर्षी मागच्या पानापासून ही दुसरी नोंदवही सुरू केली आहे, त्याचं कारण आधी लिहून ठेवतो.

माझं दुकान रिवाईंडिंगचं, म्हणजे शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारींत तांब्याच्या तारेचं वाईंडिंग नव्यानं भरून द्यायचं. गेल्या महिन्यात मुद्रा कर्जाचा अर्ज केला. वार्निश सुकवायची ओव्हन आणि कॉईल गुंडाळायचं मशीन घ्यायचं आहे, मिळून तीन लाखांची गरज, म्हणजे 'किशोर' गटात बसतं (पन्नास हजार ते पाच लाख). प्रोजेक्ट रिपोर्ट एका एजंटाकडून करून घेतला. बँकेतल्या साहेबांनी तो चाळला आणि शांतपणे विचारलं, "यात लिहिलंय, पाच वर्षांत उलाढाल तिप्पट. कशी करणार?" मला सांगता येईना. मग म्हणाले, "ठीक आहे, उलाढाल सोडा. पाच वर्षांनी तुमचं दुकान काय असायला हवं?" तेही सांगता आलं नाही. साहेब रागावले नाहीत. रिपोर्ट परत दिला आणि म्हणाले, "तुमच्या शब्दांत लिहून आणा. घाई नाही."

दुकान माझं, काम माझं, सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत मीच तिथं असतो. आणि ते कशासाठी चालवतो याचं उत्तर एजंटानं दुसऱ्या कुणाच्या तरी रिपोर्टमधून उतरवलेलं. हे मनाला लागलं.

४ नोव्हेंबर

दोन रात्री कागद घेऊन बसलो. 'पलूस तालुक्यात एक नंबरचं रिवाईंडिंग' असं लिहिलं, खोडलं. 'ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय' लिहिलं, तेही खोडलं. ते प्रत्येक दुकानाच्या पाटीवर असतं आणि पाटी रंगवणारा ते विचारल्याशिवाय लिहितो.

मंडळी म्हणाली, "विचार करून काय सापडणार? वह्यांत बघा. पाच वर्षं काय केलं ते तिथंच लिहिलंय ना."

तेच करायचं ठरवलं. वह्या आहेत सप्टेंबर २०१९ पासूनच्या. त्याआधीच्या, माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या हातच्या, त्या ऑगस्टच्या पुरात गेल्या. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी पंचेचाळीस. इथं भिलवडीत दुकानात माझ्या डोक्याच्या वर पाणी. वह्यांचा लगदा हाताला लागला तेव्हा आण्णा काही बोलले नव्हते.

९ नोव्हेंबर

रोज दुकान बंद केल्यावर एक तास. मुलगी नववीत आहे, ती कॉम्प्युटरवर तक्ता करते, मी वाचून दाखवतो.

बासष्ट महिने, एकूण १२८६ मोटारी. आमच्या वहीतले रकाने: तारीख, गाव, एचपी, कंपनी, स्लॉट (तार बसायच्या खाचा), गेज (तारेची जाडी), तांब्याचं वजन, रक्कम, जमा. मुलीनं तिसऱ्या दिवशी विचारलं, "बाबा, मोटार कशानं जळाली हा रकाना कुठाय?"

नाही. बाराशे शहाऐंशी जळालेल्या मोटारी हाताखालून गेल्या आणि का जळाली हे एकदाही लिहिलेलं नाही. डॉक्टरनं नाव, गाव, फी लिहावी आणि आजार लिहू नये, तसं झालं.

१० नोव्हेंबर

एक गोष्ट मात्र सापडली. शेऱ्यात ठिकठिकाणी लिहिलं आहे, 'चांगल्या फेजवरून टर्न मोजले.' त्याचा अर्थ आज नीट लक्षात आला.

मोटार भरताना जुन्या कॉईलचे टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजावे लागतात. पूर्ण जळालेली असली तर तारा एकमेकींना चिकटलेल्या असतात, मोजायला त्रास होतो. वाईंडिंगचे तीन भाग असतात, विजेच्या एकेका फेजचा एकेक, त्यांनाही आम्ही फेजच म्हणतो. काही मोटारींत दोन फेज कोळसा झालेले असतात आणि तिसरा तांबूस, नवा कोरा. मग त्या कोऱ्या फेजवरून टर्न मोजायचे, दुकानात कामाला असलेला पोरगा तसं लिहून ठेवायचा. म्हणजे कारण आमच्या वहीत होतं, आम्ही ते दुसऱ्याच कामासाठी लिहीत होतो.

हे सगळ्यांना कळेल असं लिहून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या कामाचा पाया हाच आहे.

विजेच्या तीन फेजपैकी एक गेला, डीपीवरचा (शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज उडाला, किटकॅट (फ्यूज बसवायची खोबण) ढिली झाली किंवा स्टार्टरचा एक कॉन्टॅक्ट जळाला, की चालती मोटार थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते. पाच एचपीची मोटार एरवी साडेसात-आठ अँपिअर घेते, ती तेरा-चौदा घ्यायला लागते. स्टार आणि डेल्टा या वाईंडिंगचे तीन फेज एकमेकांना जोडायच्या दोन पद्धती. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेज जळतात आणि एक कोरा राहतो. डेल्टा जोडणीत उलटं, एक जळतो आणि दोन वाचतात. लोड जास्त असेल किंवा व्होल्टेज सतत कमी असेल तर तिन्ही फेज सारखे काळे पडतात. स्लॉटच्या तोंडाशी एकाच जागी ठिपका जळालेला असेल तर तिथलं इन्सुलेशन फाटलं. एकच कॉईल जळाली असेल तर आतल्या आत टर्न शॉर्ट झाले. पाण्यातली मोटार कोरडी फिरली असेल तर आधी खालचं बेअरिंग बोलतं, वाईंडिंग नंतर.

जळालेली मोटार स्वतःच सांगत असते. मी सोळाव्या वर्षापासून ते बघतोय. ऐकणाऱ्याला सांगितलं मात्र नाही.

आजवरची मोजणी: 'चांगल्या फेजवरून' असा शेरा ४०२ मोटारींवर.

१४ नोव्हेंबर

दुसरी मोजणी. एक वर्षाच्या आत तीच मोटार परत आली, अशा २३१. गाव, नाव, कंपनी, एचपी जुळवून काढल्या. एक अंकलखोपची साडेसातची मोटार पाच वर्षांत सहा वेळा आलेली आहे. सहा वेळा मी ती भरून दिली, सहा वेळा पैसे घेतले.

आज झोप लागणार नाही असं वाटतं.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान, दुकान बंद. दुपारी आण्णांजवळ बसलो.

आण्णांनी उमेदीतली बारा वर्षं किर्लोस्करवाडीत काढली, मग १९८४ साली हे दुकान टाकलं. त्यांना विचारलं, का टाकलं? मला वाटलं होतं, पगार पुरत नव्हता म्हणून सांगतील. ते म्हणाले, "भिलवडीतनं मोटार भरायला सांगलीला न्यायला लागायची. बैलगाडीनं स्टेशन, तिथनं रेल्वे. आठ-आठ दिवस जायचे, तवर पीक वाळायचं. म्हटलं, हितंच भरू."

एवढंच. आठ दिवसांची वाट बघणं संपावं म्हणून दुकान. १९८४ साली ते उत्तर पुरेसं होतं आणि ते काम आण्णांनी पुरं केलं. आज मोटार दुसऱ्या दिवशी मिळते, तालुक्यात रिवाईंडिंगची दुकानं पुष्कळ झाली. आण्णांचं ध्येय पुरं झालं आणि मी त्याच पाटीखाली बसून राहिलो, नवं काही न विचारता. माझा गोंधळ इथून सुरू झाला असावा.

मग ते लक्ष्मणराव किर्लोस्करांवर बोलत राहिले. वाडीत काम केलेल्या माणसाला तो विषय लागतोच. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर कुंडल रोड स्टेशनाजवळ कारखाना. मला त्यातलं नांगराचं सगळ्यात जवळचं वाटलं. लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं, पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. मोठी माणसं एकदम मोठं स्वप्न बघून निघाली असं आपण समजतो. ते समोरच्या शेतकऱ्याची एक अडचण घेऊन बसले होते आणि त्याचा विश्वास बसेपर्यंत थांबले होते.

माझ्या गिऱ्हाइकालाही स्टार्टरमधला रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटार तोडणारा भाग, शत्रू वाटतो. "सारखा ट्रिप हुतोय, डायरेक्ट करून टाका मिस्त्री." आणि मी रिले वगळून मोटारी डायरेक्ट जोडून दिल्यात. किती, ते वहीत नाही.

२ डिसेंबर

आता अडचणीचा हिशोब. तो टाळून ध्येय लिहिलं तर ते खोटं ठरेल.

मोटारी जळतात म्हणून माझं घर चालतं. त्या जळायच्या थांबल्या तर मी काय खायचं? पाच एचपीची मोटार भरायला सरासरी साडेतीन हजार घेतो. त्यात तांबं, कागद, स्लीव्ह, वार्निश, बेअरिंग आणि पोराचा पगार धरून अडीच हजार जातात. हजार राहतात. २३१ मोटारी म्हणजे पाच वर्षांत दोन लाख एकतीस हजार, असं कागदावर दिसतं.

पण उधारीची वही शेजारी ठेवली आणि चित्र पालटलं. आज येणं बाकी एक लाख चौऱ्याऐंशी हजार. त्यातले एक लाख बारा हजार या परत आलेल्या मोटारींचे. साहजिक आहे. चार महिन्यांत तीच मोटार जळाली की माणसाला वाटतं मिस्त्रीनं काम वाईट केलं, मग दुसऱ्या वेळचे पैसे देताना हात आखडतो. भांडत नाही, नुसता देत नाही. शेवटी बोलणं बंद होतं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं.

म्हणजे पुन्हा जळणाऱ्या मोटारीवर निम्मी कमाई बुडते आणि नाव जातं ते वेगळंच. या आकड्यानं मला मोकळं केलं. भलं करायचं आणि पोट भरायचं, या दोन गोष्टी माझ्या धंद्यात एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं वीस वर्षं मनात धरून होतो. वहीत तसं दिसत नाही.

पुढचं काम ठरलं: परत येणाऱ्या मोटारी जिथून येतात तिथं जाऊन बघायचं. दुकानात बसून नाही, डीपीखाली.

११ डिसेंबर

अंकलखोपच्या त्या सहा वेळा आलेल्या मोटारीपासून सुरुवात. या आठवड्यात त्यांची लाईट रात्रपाळीची. आमच्याकडे शेतीची थ्री फेज आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री अशी येते. पोरगा आणि मी साडेनऊला पोचलो. थंडी चांगलीच होती. शेतमालक तात्या घोंगडं पांघरून पेटीजवळ बसलेले. त्यांना वाटलं उधारी मागायला आलो.

टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) आणि मीटर लावून बसलो. लाईट आली. डीपीवर चौदा मोटारी, बहुतेकांना ऑटो स्विच, म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप चालू. रात्री उठून शेतात जायचं, विंचू-काट्यातनं, म्हणून ऑटो स्विच लावलेला असतो. त्यात शेतकऱ्याचा दोष मी कधीच काढणार नाही. पण चौदा मोटारी एकाच क्षणी उठायला गेल्या. मोटार चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. ४१५ पाहिजे तिथं व्होल्टेज २९० वर आलं. मोटारी नुसत्या गुरगुरत होत्या, वेग घेईनात. तात्यांच्या मोटारीचा काटा वीस सेकंदांहून जास्त काळ वर अडकून राहिला. रिले असता तर त्यानं तिथंच मोटार तोडली असती. रिले डायरेक्ट होता. माझ्याच हातचा.

रोज असा मार खाऊन वाईंडिंग किती दिवस टिकणार? आमच्या कामात एक ठोकताळा आहे, इन्सुलेशन दहा अंशांनी जास्त तापत राहिलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं.

तात्यांना मीटर दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "सा वेळा मोटार वर काढली, मिस्त्री. एकदाबी कुणी ह्ये दावलं न्हाई." त्यात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

१८ डिसेंबर

त्याच डीपीवर चौदापैकी अकरा जण जमले. तात्यांनीच बोलावले. ठरलं असं: ऑटो स्विचला टायमर जोडायचा आणि प्रत्येकाची मोटार एक-एक मिनिट सोडून उठवायची. कॅपॅसिटर बसवायचे, पाच एचपीला २ केव्हीएआर (कॅपॅसिटरचं माप), साडेसातला ३. महावितरणवाले हेच ओरडून सांगत असतात, ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर लावा. पण ते फलकावर असतं, डीपीखाली उभं राहून कुणी सांगत नाही.

टायमर मी खरेदीच्या भावात दिले, बसवायची मजुरी घेतली. फुकट केलेलं काम टिकत नाही, दोन्ही बाजूंनी टिकत नाही.

लाईट आल्यावर पुन्हा मोजलं. एकेक मोटार चढत गेली, व्होल्टेज ३५५ च्या खाली उतरलं नाही. सगळ्या चालू झाल्यावर ३६२. डीपीवरचा लोड यानं कमी झालेला नाही, ते लपवून ठेवायचं नाही. सुरुवातीचा मार तेवढा वाचला.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

तिळगूळ, आणि चार मोटारी. आजपासून प्रत्येक मोटारीला सुतळीनं एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतो: कशानं जळाली, काय तपासावं, रिले किती अँपिअरवर लावावा. पोराचं अक्षर चांगलं आहे, तोच लिहितो.

पहिल्याच गिऱ्हाइकानं चिठ्ठी फाडून टाकली. "कारण कशाला पायजे? मोटार द्या बिगीनं, द्राक्षाला पाणी थांबलंय." त्याचं खरं आहे. मणी फुगायच्या वेळी बागेला एक पाळी चुकली तर वर्षाचं नुकसान. त्याला त्या घडीला शहाणपण नको असतं, पाणी हवं असतं. चिठ्ठी बांधत राहायची, पण सांगायला दुसऱ्या दिवशी फोन करायचा.

१९ जानेवारी

दुसऱ्या दिवशीचा फोन उपयोगी पडतो. सहापैकी चार जणांनी नीट ऐकून घेतलं. फाडणाऱ्यानंही.

६ फेब्रुवारी

वाईट दिवस. धनगावची पाचची मोटार एकोणीस दिवसांत परत आली. चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, 'एक फेज गेल्यामुळे.' त्या माणसानं माझ्या सांगण्यावरून नवीन सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारं उपकरण) घेतला होता. खोलून बघितली. तिन्ही फेज चांगले, एका स्लॉटच्या तोंडाशी जळालेला ठिपका. प्रिव्हेंटरनं त्याचं काम केलं होतं. चूक माझ्या भरण्यात होती.

कारण शोधत गेलो. जुनं वाईंडिंग काढायला आम्ही स्टेटर, म्हणजे पातळ पत्रे रचून केलेला मोटारीचा न फिरणारा भाग, भट्टीत घालतो. तांबं मऊ होतं, इन्सुलेशन जळून जातं, अर्ध्या तासात कॉईल निघते. सगळे असंच करतात, आण्णाही करत. पण उघड्या जाळात पत्र्यांच्या मधलं इन्सुलेशन जळतं, पत्रे एकमेकांना टेकतात आणि पुढं ती मोटार लोडशिवायही तापते. दोन स्लॉटमधल्या दातांच्या कडा वाकतात, त्या कडेनं स्लॉटचा कागद फाटतो. या स्टेटरला तीच कड हाताला लागली.

मोटार पुन्हा भरून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि का जळाली ते त्याला दाखवलं. तो म्हणाला, "मागल्या टायमाला बी कारण सांगितलं हुतं न्हवं?" मी म्हणालो, मागच्या वेळी अर्धं सांगितलं, अर्धं माझ्याकडं होतं.

दुसऱ्याच्या डीपीतली चूक दाखवायला निघालो, तेव्हा स्वतःच्या भट्टीतली बघणं भाग आहे. ठरवलं: भट्टी बंद. एका बाजूनं कॉईल छिन्नीनं तोडायची, मंद उष्णतेनं मऊ करून दुसऱ्या बाजूनं ओढायची. वेळ दुप्पट लागेल. आणि ओव्हन कशासाठी पाहिजे हे मला आज कळलं. अर्जात लिहिलं होतं 'उत्पादनक्षमता वाढवण्यासाठी'. खरं कारण हे आहे: ठराविक तापमानाला वार्निश आतपर्यंत मुरावं, उन्हात वाळवून नुसतं वरून कडक होऊ नये.

२२ फेब्रुवारी

दोन वेळा मन डळमळलं आहे, त्याची नोंद.

एक, सौर पंप. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला दहा टक्केच भरायचे, अनुसूचित जाती-जमातींना पाच. तीन, पाच, साडेसात एचपीचे पंप. पाच वर्षं देखभाल कंपनीकडं. मी ज्याला धंदा म्हणतो तो हळूहळू पॅनेलखाली जाणार, असं वाटून दोन दिवस काम सुचलं नाही.

दुसरं, पोरगा. आयटीआय केलेला, हात चांगला. त्यानं विचारलं, "मालक, अजून दहा वर्षांनी कॉईल भरायचं काम राहील का?" त्याचं लग्न ठरतंय, मुलीकडचे विचारतात. माझं ध्येय म्हणजे माझ्या एकट्याच्या मनाचं समाधान नाही, त्यावर त्याचाही संसार उभा राहायचा आहे. हे मी आजवर कुठंच लिहिलं नव्हतं.

रात्री दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या. सौर पंपात पॅनेलची डीसी वीज कंट्रोलरमधून जाते, बऱ्याच पंपांत तिची थ्री फेज एसी होऊन मोटारीला मिळते. मोटार तीच, पाणी तेच, विहीर तीच. पाच वर्षांनी देखभालीचा करार संपला की तो शेतकरी कुणाकडं बघणार? बँकेतल्या साहेबांनीही पाच वर्षांचंच विचारलं होतं. पोराला कंट्रोलर आणि व्हीएफडीचं (मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाचं) शिक्षण द्यायचं, या उन्हाळ्यातच. मला ते शिकायला जड जाईल, त्याला नाही जाणार.

३० मार्च, गुढीपाडवा

नव्या वहीत नवे रकाने: कशानं जळाली. आधी कधी आली होती. डीपीवर किती मोटारी. रिले आहे की डायरेक्ट. दुसऱ्या दिवशी फोन केला का.

आणि बँकेसाठीचं पान हातानं लिहिलं. इथं उतरवून ठेवतो:

'माझ्या दुकानात भरलेली मोटार त्याच कारणानं पुन्हा जळू नये, हे माझं काम. आज दर शंभरातल्या अठरा मोटारी वर्षाच्या आत परत येतात. पाच वर्षांत त्या पाचवर आणायच्या. त्यासाठी भरण्याचं काम सुधारायचं (ओव्हन), डीपीवर जाऊन तपासणी करायची आणि त्याचे पैसे घ्यायचे, सौर पंपाचे कंट्रोलर दुरुस्त करता येतील असा एक माणूस तयार करायचा. उलाढाल तिप्पट होणार नाही. दीडपट होईल असं वाटतं, आणि उधारी निम्मी होईल.'

आण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी 'पाचवर'ला बोट लावलं. "शून्य का न्हाई?" मी म्हणालो, वीज पडते, उंदीर केबल कुरतडतो, शून्य कसं होईल? ते म्हणाले, "मग बरोबर हाय."

१७ एप्रिल

कर्ज मंजूर, दोन लाख वीस हजार. ओव्हन येईल, मशीन पुढच्या वर्षी. साहेबांनी हातानं लिहिलेलं पान फाईलला लावून घेतलं.

डीपी तपासणी आजवर सहा ठिकाणी. पाचशे रुपये घेतो. दोघांनी पाचशे जास्त वाटतात म्हणून नको म्हटलं. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली, त्याचाही एक परिणाम दिसतो: बिल नाही म्हणून मोटार बंद करायला कुणी जात नाही, विहिरीचं पाणी तळाला जातं आणि पंप कोरडा फिरतो. मोफत विजेनं मोठा आधार दिला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चिठ्ठीत 'कोरडी फिरली' हे कारण लिहायची वेळ जास्त येते आहे, ते नोंदवलं पाहिजे.

अंकलखोपच्या तात्यांची मोटार डिसेंबरपासून वर काढावी लागलेली नाही. त्यांनी मागची सगळी उधारी दिली. मागितली नव्हती.

२४ मे

पाऊस मे महिन्यातच आला, तोही असा की ओढे वाहायला लागले. दुकानात काम कमी, पाऊस पडला की मोटारी बंद. मागच्या वर्षीपर्यंत असे दिवस मी नुसते काढायचो.

या प्रकल्पात मी एक गोष्ट लिहायची टाळत आलो, ती आज लिहितो. २०१९ च्या पुरानंतरचे ते दिवस. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली होती, सगळा भाग सुन्न होता. पाणी उतरल्यावर नदीवरच्या मोटारी गाळानं भरून दुकानासमोर येऊन पडल्या. रांग चौकापर्यंत. भरायला तार नव्हती, पैसे कुणाकडंच नव्हते. आम्ही त्या खोलून स्वच्छ पाण्यानं धुतल्या, ताडपत्रीखाली ओळीनं मांडल्या आणि प्रत्येकीत दोनशे वॅटचा बल्ब लावला. दिवस-रात्र. दर चार तासांनी मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून बघायचं, एक मेगओमच्या वर आली की तिला सुट्टी. दीडशेहून जास्त मोटारी न भरता परत चालू झाल्या. मजुरी नावाला घेतली. रात्री दोनला त्या पिवळ्या उजेडात मेगर फिरवताना मला एकदाही प्रश्न पडला नव्हता की हे कशासाठी करतोय. न जळालेली मोटार परत देण्यातला आनंद मी तेव्हाच चाखला होता. नंतर नवी वही आणली, जुनेच रकाने आखले आणि तो त्यात कुठं बसेना.

तर यंदाचं काम. नदीकाठच्या मोटारी पाणी चढायच्या आत वर घ्यायच्या. नेहमीच्या जूनच्या मध्यावर विसंबून लोक थांबलेत, पाऊस थांबलेला नाही. भिलवडी ते धनगाव काठानं फिरून यादी केली, आपल्या गिऱ्हाइकांच्या तेवीस मोटारी. चौदा वर निघाल्या. उरलेल्या नऊपैकी तीन जण फोन उचलत नाहीत, दोघं म्हणतात आठवडाभर थांबू, चौघांकडं माणूसबळ नाही.

उद्या सकाळी साडेसहाला पोरगा आणि मी कप्पी, साखळी आणि दोन दोर घेऊन त्या चौघांकडं निघणार. फोन न उचलणाऱ्यांची घरं वाटेवरच आहेत.